गेलेल्यांचा हात

चिंचखोरीच्या ग्रामसभेला कोरम म्हणून कधी भरला नाही. मारुतीच्या पारावर मात्र तो रोज भरायचा. तिथं चौघंच लागायचे, आणि त्या चौघांची गावात दुसरीकडं कुठंच गरज नव्हती.

बंकट, बजरंग, राम आणि प्रविण. चौघंही एकाच वर्षी, एकाच विषयात दहावी नापास झालेले. त्यामुळं मैत्री पक्की होती. पत्त्यांचा एकच कॅट होता, तोही इतका मळका की चौकट आणि बदाम यांच्यातला फरक उन्हात धरूनच कळायचा.

खेळ मुळात साधा बदाम सात. बदामाची सत्ती ज्याच्याकडं तो सुरुवात करणार, मग प्रत्येक रंगाची सत्ती खाली पडणार, तिच्या वर अठ्ठी-नव्वी चढत राजापर्यंत, तिच्या खाली छक्की-पंजी उतरत एक्क्यापर्यंत. ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. पोरासोरांना येतो असा खेळ. पण एका उन्हाळ्यात लाईट गेलेली असताना जिंकल्यावर प्रविण म्हणाला, "नुसतं जिंकून काय करायचं बे? जिंकणाऱ्यानं एक ठराव मांडायचा. मांडला की लागू. परत रद्द करायचा न्हाई."

हा पहिला ठराव. तो रद्द करता येत नसल्यामुळं पुढचे सगळे झाले.

दुसरा ठराव रामचा. प्रविण हातात पान असूनही 'पास' म्हणायचा, म्हणजे दुसऱ्याची वाट अडवून ठेवायचा. पान असून पास म्हणणं हे तर ठरावांच्या आधीपासूनचं पाप. तेव्हा रामनं ठरवलं की 'पास' म्हणणाऱ्यानं उठून पारावरच्या कडुलिंबाला एक फेरी मारून यायची. उठायच्या कंटाळ्यानं प्रविण सुधारला. नंतर एक ठराव असा झाला की चौकटचा गुलाम ज्याच्याकडं येईल त्यानं डाव संपेपर्यंत रामला 'मामंजी' म्हणायचं. त्यामुळं गुलाम कुणाकडं आहे ते पहिल्याच वाक्याला कळायचं. पण ठराव मांडताना कुणी एवढा विचार करत नसे.

मग बंकटच्या शेळीनं इस्पिकची राणी खाल्ली.

बंकटच्या घरी शेरडं होती आणि ती राखायला बंकट होता. पारावर बसलं की तो एक-दोन तिथंच बांधायचा. त्यातल्या एका पांढऱ्या शेळीनं वाटता वाटता एक पान उचललं आणि कुणी उठायच्या आत ते संपवलं. चौघं थोडा वेळ शेळीकडं बघत राहिले. तो डाव बंकटनं जिंकला आणि ठराव मांडला, की राणी शेळीच्या पोटात आहे, म्हणजे शेळी हीच राणी. तेव्हापासून कॅटमध्ये जोकर घालून वाटायचं, जोकर ज्याला येईल त्यानं शेळीचा दोर धरायचा, आणि राणी लावायची वेळ आली की शेळीला ओढत आणून चादरीच्या मध्ये उभी करायची. तोवर तिला नाव नव्हतं. नंतर सगळं गाव तिला राणीसाहेब म्हणायला लागलं.

ठराव कुठं लिहिलेले नव्हते. एकाच्या डोक्यातून गेला तर दुसऱ्याच्या डोक्यात असायचा. आणि एकही ठराव कधी कुणी मोडला नाही. हरलेल्यानं आठवडाभर अर्धीच मिशी ठेवायची, असा एक ठराव होता. त्यात प्रविण सापडला आणि त्याच आठवड्यात त्याला चाकणला कंपनीत मुलाखतीला बोलावणं आलं. तो अर्ध्या मिशीनं गेला. समोरच्या साहेबानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि एकही प्रश्न न विचारता त्याला घेतलं. तेव्हापासून गावात ठरावाबद्दल आदरच वाढला.

आणि इथूनच ते सगळं बिघडलं.

दिवाळी झाली. प्रविण चाकणला निघायच्या बेतात होता. रामला अंबाजोगाईला एका दवाखान्यात काम लागलं, त्यालाही निघायचं होतं. बजरंगचं लग्न त्याच उन्हाळ्यात धनश्रीशी झालेलं, आणि ऊस तोडायला जोडीच लागते, त्यामुळं आता त्याला घरी ठेवायला काही कारण उरलं नव्हतं. दर साली दिवाळी झाली की चिंचखोरी अशीच रिकामी होते. ट्रॅक्टर येतात, त्यांत बायका, पोरं, कोंबड्या, पत्रे, चुली चढतात, आणि गाव कोल्हापूरकडं निघून जातं. मागं म्हातारी माणसं राहतात आणि कुलपं राहतात. औंदा बंकट राहिला. बाप, भाऊ, भावजय सगळे गेले. शेरडांना ट्रॅक्टरमध्ये जागा नव्हती.

ट्रॅक्टर पाराशी उभा होता तेव्हा चौघांचा शेवटचा डाव चालला होता. तो बजरंगनं जिंकला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, धनश्री वरून बोलावत होती. बजरंगनं पत्ते गोळा करून बंकटच्या हातात दिले.

"मंग ऐक," तो म्हणाला. बजरंगचं प्रत्येक वाक्य तसंच सुरू व्हायचं, आणि बऱ्याचदा तिथंच संपायचं. "जो गेला त्याचा हात राहिलेल्यानं खेळायचा. आन खेळायचा तर त्याच्यासारखा. त्याचा हात हातात हाय तवर बोलायचंबी त्याच्यासारखंच. ठराव."

तो हसला, राम हसला, प्रविणही हसला. बंकट हसला नाही, कारण तो ठराव लक्षात ठेवत होता.

*

दुसऱ्या दिवशी बंकटनं चादर अंथरली आणि चार हात वाटले.

चार हात एकट्यानं खेळणं दिसतं तितकं सोपं नाही. एका हाताची पानं पाहिली की ती दुसऱ्या हाताला विसरावी लागतात. बंकट रामच्या जागेवर बसून रामची पानं बघायचा, आधी हसायचा आणि मग विनोद करायचा, कारण राम तसाच करायचा. मग ती पानं पालथी घालून सरकत प्रविणच्या जागेवर जायचा आणि म्हणायचा, "आमच्या कंपनीत असं न्हाई बरं का." प्रविणला कंपनीत लागून आठवडाही झाला नव्हता, पण बंकटला खात्री होती की तो आता असंच बोलत असणार. मग बजरंगच्या जागेवर. "मंग ऐक."

शेवटी आपल्या जागेवर. तिथं आला की तो गुपचूप पान लावायचा. बंकटची पाळी आली की पारावर कुणीच बोलायचं नाही.

ह्यातून एक अडचण झाली. चार जणांतल्या कुणाला तरी सारखं पास म्हणावं लागतं, आणि पास म्हटलं की लिंबाला फेरी. त्यामुळं बंकट दिवसभर फिरतच राहायचा. दोन दिवसांत गावात बोललं जाऊ लागलं की शेरडंवाल्याच्या पोरानं काहीतरी नवस धरलाय. पाराशेजारच्या कौशल्याबाईंनी लिंबाच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं. सुंदरराव देशमुख, ज्यांची अर्ध्या गावाएवढी जमीन आणि एक दुखरा गुडघा आहे, ते काठी टेकत रोज सकाळी तीन फेऱ्या मारायला लागले. थंडी सरल्यावर त्यांचा गुडघा बरा झाला. त्याचं श्रेय लिंबाला मिळालं.

आणि एका दुपारी तुळजाबाई आल्या. तुळजाबाई म्हणजे बजरंगची आई. नवरा नव्हता, कंबर धरलेली होती, म्हणून त्या घरी राहिल्या होत्या.

"काय मागितलंस रे देवाला?" त्यांनी विचारलं.

बंकट तेव्हा बजरंगच्या जागेवर होता आणि हातात बजरंगची पानं होती. ठराव म्हणजे ठराव.

"मंग ऐक, माय," तो म्हणाला. "काय न्हाई मागितलं. खेळायलोय."

तुळजाबाई जरा थबकल्या. मग पाराच्या कडेला टेकल्या. गुडघ्यावर पदर सारखा केला, इकडंतिकडं पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, "जेवला का रे, बजरंग?"

"जेवलो की. धनश्रीनं भाकर केलती. आन ठेचा."

"कोपीत झोपताना गार लागतंय का?"

"लागतंय. पर उसाचं पाचट हाय की पेटवायला."

बंकटला खोटं बोलायचं नव्हतं. पण त्याला बजरंग माहीत होता, आणि बजरंग काय म्हणाला असता ते त्यानं सांगितलं. किंवा बजरंग जरा बोलका असता तर काय म्हणाला असता ते. फरक थोडाच होता.

तुळजाबाई दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्याही. त्यांच्याकडं मोबाईल होता आणि खऱ्या बजरंगचा आठवड्यातून एकदा फोन यायचा. पण फोनवर बजरंग "व्हय" म्हणायचा, मग थोडा वेळ उसातला वारा ऐकू यायचा, मग तो "ठिवतो" म्हणायचा. पारावरचा बजरंग नीट सांगायचा. रस्त्याला टोळीच्या ट्रॅक्टरचा टायर फुटला तो, मुकादमाची टोपी गुऱ्हाळात पडली ती, सगळं. मुकादमाची टोपी बंकटच्या डोक्यातली होती. तुळजाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

बघता बघता त्या खेळही शिकल्या. आधी नुसत्या बघायच्या, मग "आता किलवर लाव की" म्हणायला लागल्या, मग प्रविणचा हात त्यांनी आपल्याकडं घेतला. ठराव त्यांनाही लागू होता. "आमच्या कंपनीत ह्या टायमाला च्या असतो," त्या एकदम म्हणायच्या, आणि थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायच्या. प्रविणच्या घरच्यांनाही जमला नसता इतका त्यांना प्रविण जमला.

हिवाळाभर डाव होत गेले आणि ठरावही होत गेले. राम जिंकला की रामच्या मनात असेल तसा ठराव बंकट मांडायचा. दवाखान्याचं नाव काढलं तर शेजाऱ्याचं एक पान जादा घ्यायचं. बजरंगनंही लई ठराव केले, तो सारखाच जिंकायचा. बंकट एकदाही जिंकला नाही. आपल्या हाताकडं लक्ष द्यायला त्याला वेळच मिळायचा नाही.

माघ महिन्यात एक दिवस उन्हात बसून तुळजाबाई वाती वळत होत्या. प्रविणची पानं मांडीखाली दाबून ठेवलेली. बंकट बजरंगच्या जागेवर होता.

"बजरंग," त्या वर न बघता म्हणाल्या, "पुढल्या सालीबी जायाचं का रे?"

खरा बजरंग 'बघू' म्हणाला असता. बंकटला ते शंभर टक्के माहीत होतं. 'बघू' त्याच्या ओठावर आलंही होतं.

"मंग ऐक, माय," तो म्हणाला. "न्हाई. औंदाचं शेवटचं. पुढं हितंच ऱ्हाणार."

बोलल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं घाईनं किलवरची अठ्ठी लावली. ती रामची होती.

तुळजाबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. त्यांनी डोळे पुसले आणि त्या घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत कौशल्याबाईंना कळलं. सकाळी फेऱ्या मारता मारता सुंदररावांनी बंकटला थांबवलं.

"बजरंग राहतोय म्हणं गावात. त्याला म्हणावं, विहिरीकडचं शेत बटईनं कर, निम्मं-निम्मं. माणूस न्हाई मला."

"सांगतो," बंकट म्हणाला. मग त्याला आठवलं की आपल्या हातात आत्ता पानं नाहीत, म्हणजे आपण बंकट आहोत, आणि बंकटला सांगायला कुणीच नाही.

*

पाडव्याच्या आधी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि ट्रॅक्टर परत आले. लोकांचे चेहरे उसाच्या पानांनी ओरखडलेले होते. बजरंग सगळ्यात वाळलेला दिसत होता. एका बोटाला चिंधी होती. घरी गेला, आंघोळ केली, आईचं बोलणं ऐकलं, धनश्रीचं त्याहून जास्त ऐकलं, आणि पारावर आला.

बंकट चादर झटकत होता.

"मी राहतो म्हणलो म्हणं," बजरंग म्हणाला.

"म्हणलास."

"कवा?"

"माघात. वाती वळत होत्या काकू."

"मी तवा तिकडं उसात होतो बे."

"तू तिकडं होतास. तुजा हात हितं होता."

बजरंगनं ह्यावर विचार केला. ह्यात चूक काढता येत नव्हती. "कसं म्हणलो?"

"लई चांगलं म्हणलास. काकूंच्या डोळ्याला पाणी आलं."

"बरं केलं," बजरंग म्हणाला. "मला आसलं जमत न्हाई." मग चिंधीचं टोक ओढत बसला. "धनश्री म्हणती, मला न इचारता कसं ठरवलं. काय सांगू तिला?"

"तिचा हात न्हाई ना ह्या खेळात."

"तेच म्हणलो मी. ती आता बोलत न्हाई."

थोडा वेळ दोघं राणीसाहेबांकडं बघत राहिले. तिला मधल्या काळात दोन करडं झाली होती. ती गुलाम धरायची का जोकर, ह्यावर ठराव व्हायचा होता.

"मंग राहा की," बंकट म्हणाला.

"राहून काय करू बे? पारावर बसू?"

"व्हय."

बजरंग हसला. त्याला वाटलं, बंकट गंमत करतोय. बंकटनं आयुष्यात इतकी गंमत केली होती की आता खरं बोलायला त्याच्याकडं वेगळा आवाज उरला नव्हता.

त्या दुपारपासून बंकटच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. एक डाव जिंकायचा. एकच. आणि ठराव मांडायचा, 'बजरंगनं गाव सोडायचं न्हाई.' बजरंगनं ठराव कधी मोडला नव्हता. एका ठरावापायी त्यानं अख्खा पावसाळा उजव्या पायात डावी चप्पल घातली होती. हाही पाळला असता.

पाडव्याला राम मोटारसायकलवर आला. प्रविणला सुट्टी मिळाली नाही. गुढ्या उभ्या झाल्या, पुरणपोळ्या खाऊन झाल्या, आणि लिंबाच्या सावलीत चादर पडली. प्रविणच्या जागेवर तुळजाबाई येऊन बसल्या तेव्हा रामला हसू आवरेना.

"काकू, तुमी?"

"आमच्या कंपनीत बाया-माणूस करत न्हाईत," तुळजाबाई प्रविणच्या तोऱ्यात म्हणाल्या. रामनं कॅट पिसायला घेतला.

पत्ते वाटले. जोकर बजरंगला आला. त्यानं राणीसाहेबांचा दोर मनगटाला गुंडाळला. आधी बजरंगची पाळी, मग तुळजाबाईंची, मग रामची, मग बंकटची, असा फेरा होता. हिवाळ्यातले ठराव बंकट मधूनमधून सांगत होता. राम "हे कवा झालं?" म्हणायचा आणि बंकट "तूच केलास" म्हणायचा. दोनदा रामनं दवाखान्यातल्या गोष्टी काढल्या आणि आपल्याच ठरावानं दोन पानं जादा घेतली.

बंकट मात्र वेगळाच बसला होता. पानं छातीला लावलेली, मान खाली. कधी नव्हे ते त्याचं आपल्या हाताकडं लक्ष होतं.

"ह्यो जिंकायला बसलाय आज," राम म्हणाला. "काय ठराव करतो बे?"

"जिंकल्यावर सांगतो."

बजरंगनं आईकडं पाहिलं. आईनं बजरंगकडं पाहिलं. रामनं दोघांकडं पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर आलेलं हसू विनोद न होताच गेलं.

पानं संपत आली. बंकटच्या हातात एकच उरलं, इस्पिकचा राजा. चादरीवर इस्पिक गुलामापर्यंत चढून थांबलं होतं. मध्ये राणी हवी होती, आणि राणी बजरंगच्या मनगटाला बांधलेली होती. बाकीच्या रंगांची वाट मोकळी होती, तेव्हा लपवायला काहीच नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं की शेळी चादरीवर आली की बंकटचा राजा लागणार, आणि बंकट जिंकणार. त्याचं एक पान आता सगळ्या गावाएवढं झालं होतं.

बंकट पास म्हणाला. उठला, लिंबाला फेरी मारून आला, बसला.

बजरंगच्या हातात दोन पानं आणि शेळी होती. तो बराच वेळ पानांकडं बघत राहिला. मग त्यानं मनगटावरचा दोर सोडला, उठला, राणीसाहेबांना कानाला धरून चादरीच्या मध्ये आणून उभं केलं.

"राणी," तो म्हणाला.

डाव संपल्यावर त्याची दोन्ही पानं सगळ्यांनी पाहिली. एक चौकटचा राजा होता आणि चौकटची राणी तर केव्हाच खाली पडलेली होती. त्याला तो लावता आला असता. शेळी अडवून ठेवता आली असती. पण ते नंतर. तेव्हा बंकटला फक्त शेळी दिसली, चादरीवर उभी, आणि त्यानं राजा हातात उलटा केला. मधे तुळजाबाई आणि राम, एवढीच पाळी होती. राम तर सुटणारच नव्हता, त्याच्याकडं दवाखान्याची जादा पानं होती.

तुळजाबाईंच्या हातात एकच पान होतं. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी ते किलवरच्या राणीवर ठेवलं.

"किलवरचा राजा," त्या म्हणाल्या. "सुटले की रे मी."

 राणीसाहेबांनी किलवरच्या सत्तीचा वास घेतला आणि ती नको म्हणून तोंड फिरवलं.

"आता ठराव माजा का प्रविणचा?" तुळजाबाईंनी बंकटला विचारलं.

 बंकटच्या हातात राजा अजून होता, घामानं ओला झालेला. "ज्याचा हात त्याचा ठराव," तो शेवटी म्हणाला. "पर तोंड तुमचं, काकू."

"बरं." त्या बजरंगकडं बघत राहिल्या. "ह्या डावानं ह्याला गावात ठिवता येईल का?"

"येईल."

"आन ह्यो ऱ्हाईल?"

"ठराव हाय," बंकट म्हणाला.

"व्हय," बजरंग म्हणाला.

तुळजाबाईंनी चादरीवर उभ्या शेळीकडं पाहिलं. "मंग न्हाई," त्या म्हणाल्या. "दोरानं बांधलेलं एक जितराब हाय हितं, तेवढं पुरं." आणि बंकटकडं वळल्या. "माघात बोलला त्यो बजरंग नव्हता, बाबा. माजा बजरंग इतकं बोलत न्हाई. त्यो बघू म्हणला असता. मला तवाच कळलंतं."

"मंग गावात कावून सांगितलं?" बंकटनं विचारलं.

"सांगाय बरं वाटलं."

बंकटनं राजा खाली ठेवला. त्यालाही नेमकं तसंच वाटलं होतं.

"आता ठराव ऐका," तुळजाबाई म्हणाल्या. "बंकटची पाळी आली की कुणीतरी त्याला इचारायचं, जेवला का. आन त्यानं बंकटसारखं सांगायचं."

"बंकटसारखं म्हंजी कसं?" रामनं विचारलं.

सगळ्यांनी बंकटकडं पाहिलं. बंकटही जरा मागं वळून पाहायला लागला, जणू तिथं कुणी असेल.

*

उन्हाळाभर ठराव पाळला गेला. बंकटची पाळी आली की बजरंग विचारायचा, "जेवला का बे?" आणि बंकट म्हणायचा, "जेवलो." त्याला दुसरं काही सुचायचं नाही, आणि बजरंगला त्याहून जास्त विचारायची सवय नव्हती. करडं जोकर ठरली. सुंदररावांच्या शेताला दुसरा बटईदार मिळाला. धनश्री बोलायला लागली.

मग दसरा गेला, दिवाळी गेली, आणि ट्रॅक्टर पाराशी येऊन उभा राहिला. ह्या वेळी शेवटचा डाव झाला नाही. बजरंगनं चढता चढता बंकटच्या पाठीवर एक थाप दिली. "मंग ऐक," तो म्हणाला, आणि पुढं काहीच म्हणाला नाही. धुरळा खाली बसेपर्यंत बंकट आणि तुळजाबाई तिथंच उभे होते. मग बंकटनं पत्ते काढले.

चार हात वाटले. तुळजाबाईंनी प्रविणचा घेतला आणि बजरंगचाही घेतला. रामचा बंकटकडं राहिला.

"बजरंग, पोचला का रे नीट?" बंकटनं विचारलं.

तुळजाबाईंनी बजरंगची पानं डोळ्यांजवळ धरली. "व्हय," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ गप्प राहिल्या. "ठिवतो."

अगदी हुबेहूब. बंकटला इतका बरोबर बजरंग कधीच जमला नव्हता.

त्यानं रामचं पान लावलं, हसला, विनोद केला. मग सरकून आपल्या जागेवर आला. आपली पानं उचलली. पारावर शांतता झाली. गावात एवढी दारं, आणि सगळ्यांना कुलपं. कुठंतरी एक कुत्रं आपल्या घरच्यांना शोधत फिरत होतं.

"जेवला का रे, बंकट?" तुळजाबाईंनी विचारलं.

'जेवलो' ओठावर आलं. त्यामागं रामचं हसू आलं, प्रविणची कंपनी आली, 'मंग ऐक' आलं. बंकटनं ते सगळं एकेक करून गिळलं. ठराव होता.

"न्हाई," तो म्हणाला.

"कावून?"

"एकट्यापुरतं कराय नको वाटतंय, काकू."

 बंकटनं आपल्या पानांकडं पाहिलं. बदामाची अठ्ठी होती, लावता येत होती. तिरपी धरल्यामुळं तुळजाबाईंनाही ती दिसत होती.

"पास," बंकट म्हणाला.

तो उठला आणि लिंबाला फेरी मारायला गेला. बुंध्याच्या पलीकडं गेल्यावर त्याला बाहेर यायला बराच वेळ लागला. राणीसाहेब दोर ताणून त्या बाजूला बघत राहिल्या. तुळजाबाईंनी त्याची पानं पालथी करून ठेवली, थर्मास उघडला, आणि चहा ओतायला घेतला.